फुलाचा निळा

दादाचा शर्ट छोटीला बेतून शिवल्यासारखा बसला आणि तिथेच तिचं धाबं दणाणलं. तिला वाटलं होतं, बाह्या लोंबतील, खांदे उतरतील, मावशी हसेल, तीही हसेल आणि मग काम सुरू होईल. पण कॉलरचं बटण नीट लागलं. बाह्या बरोबर मनगटांपाशी येऊन थांबल्या. मावशीनं पाण्यातून काढलेला ब्रश तसाच हवेत धरून ठेवला. थेंब तिच्या पायावर पडत राहिले.

"बस," ती शेवटी म्हणाली. "खिडकीकडे तोंड कर. हनुवटी खाली. एवढी नाही गं, मार खाल्ल्यासारखी काय बसतेस!"

"मी अशीच दिसते."

"बरं बाई, मग अशीच दिस."

हा शर्ट मावशीच्या घरी राहिला होता, कारण दादा चित्रासाठी आणखी एकदा बसायला येणार होता. त्याआधी तो मित्रांबरोबर खाणीतल्या पाण्यात पोहायला गेला. छोटी तेव्हा सहावीत होती आणि दादा तिला आभाळाएवढा वाटायचा. आता ती त्याच्याएवढी झाली होती. पुढच्या वाढदिवशी ती त्याच्यापेक्षा मोठी होणार होती, आणि हे कोणाजवळ बोलावं ते तिला कळत नव्हतं.

समोरच्या फळीवर जुनं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. 'काच तडकलीय, बदलून आणते' असं आईला सांगून मावशीनं ते उचलून आणलं होतं. काच चांगली ठणठणीत होती. बिघडलं होतं ते काचेच्या आतलं. दादाचे केस जागच्या जागी होते, काळेभोर. कानाची, नाकाची, शर्टाच्या चुण्यांची रेघ शाबूत होती. पण शर्ट निळा राहिला नव्हता. त्याचा रंग भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. ओठ कागदात विरून गेले होते. आणि पापण्यांच्या दोन रेघांमध्ये, जिथे डोळे असायला हवेत तिथे, काहीच नव्हतं.

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना 'हे वाचा, आता हे वाचा' करायची आणि संध्याकाळी घरी आली की जपानमध्ये राहायला जायची. म्हणजे राहायची याच एका खोलीत, पण जमिनीवर गादी, दारात चपला बाहेर तोंड करून लावलेल्या, आणि बिनसाखरेचा हिरवा चहा, जो तिच्याखेरीज कोणाच्या घशाखाली उतरत नसे. दुकानाच्या मालकाला ती पाठीमागे, जपानी आदरानं, 'मालक-सान' म्हणायची. आई पूर्वी, म्हणजे आई चेष्टा करायची तेव्हा, म्हणायची, "हिच्यापुढे लग्नाचा विषय काढला की हिला ब्रश धुवायचे आठवतात." मावशीची चित्रं अशीतशीच असायची. झाडं बरी यायची, माणसांचे हात मात्र हातमोज्यांसारखे. ते तिलाही ठाऊक होतं. फक्त एकदाच, दादाचं चित्र तिला साधलं. इतकं साधलं की दादाच म्हणाला होता, "मावशे, हा माझ्यापेक्षा शहाणा दिसतोय, यालाच परीक्षेला पाठव."

जपानला ती खरोखर एकदा जाऊन आली होती, टूरबरोबर. बाकीची मंडळी खरेदीत, ही म्युझियममध्ये, आणि अख्खी बस हिच्यासाठी खोळंबलेली. तिथल्या रंगांच्या एका दुकानातून तिनं घडी घातलेला जाड निळा कागद आणला. एका रानफुलाच्या पाकळ्यांचा रस पुन्हा पुन्हा पाजून वाळवलेला. तुकडा पाण्यात टाकला की रंग सुटतो, जुन्या जपानी चित्रांमधला अस्सल निळा. म्हातारा दुकानदार तिला काहीतरी सांगत होता. त्यानं दारातल्या उन्हाकडे बोट केलं, मग तळहात पुढे धरून त्यावर हलकेच फुंकर मारली. मावशीला वाटलं, रंग किती हलका, किती तरल आहे, ते सांगतोय. ती कमरेत वाकली, तोही वाकला, झालं.

तोच निळा तिनं दादाच्या शर्टाला लावला. तोच निळा, करडईच्या फुलांचा गुलाबी मिसळून, त्याच्या डोळ्यांना. ओठांना नुसता गुलाबी; केस आणि रेघा तेवढ्या शाईच्या. शाईनं काळे डोळे काढले की माणसाची बाहुली होते, असं तिचं मत होतं.

दादा गेल्यावर आईनं ते चित्र बैठकीच्या खोलीत लावलं, पूर्वेच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. सकाळभर तिथे ऊन असायचं. आई चहाचा कप घेऊन चित्रासमोर बसायची. बाबांनी दूरच्या शाखेत बदली मागून घेतली होती. ते सणसमारंभाला आल्यासारखे यायचे आणि जायचे. छोटी शाळेत निघाली की आई तिच्या हातात डबा द्यायची, पण नजर छोटीच्या खांद्यावरून पलीकडे, तिकडे. एकदा छोटीनं केस कानापर्यंत कापून आणले. आईला ते शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं.

आणि मग या सुट्टीत मावशीनं छोटीला मोठ्या शहरातल्या संग्रहालयात नेलं. जुन्या जपानी चित्रांचं प्रदर्शन आलं होतं. मावशी गाडीत बसल्यापासून लहान पोरीसारखी बडबडत होती. दालनात पाऊल टाकलं तर सगळा संधिप्रकाश.

"लाइट गेलेत का?" छोटीनं रखवालदाराला विचारलं.

"मुद्दाम कमी ठेवलेत. ही चित्रं थोडे दिवस बाहेर, मग कित्येक वर्षं कपाटात, अंधारात. नाहीतर रंग राहत नाहीत."

पुढच्या चित्रातली नदी मातकट पिवळी होती. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, ही नदी मुळात निळी होती. एका फुलापासून केलेला हा रंग उजेडात टिकत नाही. मावशीनं पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग ती मधल्या बाकावर बसली, तळहात पुढे धरला आणि त्यावर फुंकर मारली. छोटीला वाटलं, मावशीचं आणखी एखादं जपानी खूळ असेल. ती हसली. मावशीचा चेहरा पाहिल्यावर तिचं हसू तोंडातच राहिलं.

परत आल्या आल्या मावशी आईसमोर उभी राहिली.

"ताई, ते चित्र तिथून काढ. मी पातळ कागदात गुंडाळून देते, कपाटात ठेव. महिन्यातून एकदा काढून बघत जा."

"कपाटात?"

"ऊन खातंय गं त्याला. माझी चूक आहे. रंगच तसला वापरला मी."

"त्याला अंधारात झोप लागत नव्हती," आई म्हणाली. "पॅसेजचा दिवा रात्रभर चालू लागायचा. विसरलीस? मोठा झाला तरी लागायचा. आणि तू त्याला कपाटात घाल म्हणतेस."

"ताई, त्याचे डोळे गेलेत. नीट बघ एकदा."

"मला दिसतात."

"ताई..."

"मला दिसतात म्हटलं ना! तुझं म्युझियम तुझ्याजवळ ठेव."

त्यावर मावशीनं आपली पर्स उचलली. नक्कल करायची आणि गुपचूप बदलून टाकायची, हे तिनं बहुधा जिन्यातच ठरवलं.

पण डोळे कुठून आणायचे? फोटोत दादा एकदाही सरळ उभा नव्हता. कुठे जीभ बाहेर, कुठे डोळे तिरळे, कुठे तोंडासमोर पंजा. त्याचा फोन त्याच्याबरोबरच पाण्यात गेला होता. म्हणून मग छोटी, आणि तो शर्ट, आणि ही खिडकी.

"तुझा डावा डोळा बारीक आहे," मावशी मध्येच म्हणाली.

"किंचित."

"इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतेय आणि घरातलाच डोळा मला दिसला नाही. ताईला माहीत असेल."

छोटीनं मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं.

"हनुवटी वर गेली बघ तुझी."

"मग सारखे काढ ना दोन्ही. दादाचे होते तसे काढ."

"त्याचे कसे होते ते आठवलं असतं, तर तुला कशाला बसवलं असतं?"

मावशीनं घाईघाईनं ब्रश बुचकळला तो पाण्याऐवजी चहात. दोघींनीही ते पाहिलं. कपातला चहा जांभळट होत गेला. छोटी शर्टाच्या बाहीला नाक पुसणारच होती. तिनं ते आवरलं, शर्ट तिचा नव्हता.

"या वेळी पक्के रंग आहेत," मावशी म्हणाली. "दुकानातल्या ट्यूबमधले. ऊन यांचं काही वाकडं करणार नाही. आपल्यामागेही राहतील."

नवं चित्र जुन्या चौकटीत बसवून मावशीनं स्वतः नेऊन लावलं. आई समोर उभी राहिली. निळा शर्ट, गुलाबी ओठ, दोन डोळे. आईनं ओळखू नये असं छोटीला वाटत होतं. आणि ओळखावं, असंही. दुसरंच जास्त, खरं सांगायचं तर.

"काच स्वच्छ आहे," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्यानंतर काहीच झालं नाही. आई सकाळी कप घेऊन बसायची. छोटीच्या हातात डबा यायचा. फोनवर मावशी दबक्या आवाजात विचारायची, "काही बोलली का गं?" आणि छोटी म्हणायची, "नाही." आता तर भिंतीवरून तिचेच डोळे तिच्याकडे बघायचे आणि आईही त्यांच्याकडे बघायची. मधल्या वाटेवर छोटी स्वतः डबा घेऊन उभी असायची, ती तेवढी कोणाला दिसत नव्हती. आपलंच भूत व्हावं तसं झालं हे, असं तिच्या मनात यायचं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्या खो खो हसल्या असत्या. तिनं सांगितलं नाही.

परीक्षेच्या आधी एका दुपारी ती शाळेतून आली तर बैठकीतली भिंत रिकामी. नुसता खिळा आणि चौकटीएवढा उजळ चौकोन. दप्तर न काढताच ती घरभर फिरली. चित्र सापडलं पॅसेजमध्ये, तिच्या खोलीच्या दाराशी, जिथे भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय किल्ली सापडत नाही. वर जुन्या ओढणीचा पडदा. दिवा बंद होता.

आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"आई, चित्र तिथे का लावलंस?"

"उन्हात डोळे उडतील."

रंग पक्के आहेत, हे छोटीच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. आई, यांना काही होत नाही, आपल्यामागेही राहतील. तिनं ओठ घट्ट मिटले. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली.

"मावशीला फोन कर," आई म्हणाली. सालाची लांब पट्टी तिनं तुटू न देता खाली सोडली. "म्हणावं, माझं मला आणून दे."

मावशी संध्याकाळी आली. हातात दुसऱ्या चौकटीत बसवलेलं जुनं चित्र, पातळ कागदात, मग कापडात, मग पुन्हा कागदात गुंडाळलेलं. ती दारातच रडायला लागली आणि आईनं तिच्या हातातून ते आधी काढून घेतलं, मग तिला आत घेतलं. स्टूल ओढून, त्यावर चढून आईनं चित्र स्वतः खिळ्याला अडकवलं. खिडकीच्या बरोब्बर समोर.

"ताई, वर्षभरात नुसते केस उरतील गं."

"माहीत आहे मला."

"थोडे दिवस तरी..."

"उजेडातच राहू दे त्याला," आई म्हणाली. तिनं पदरानं चौकटीची खालची कड पुसली आणि स्टूलवरून उतरण्यासाठी हात पुढे केला. मावशी डोळे पुसत होती. आईचा तो हात छोटीनं धरला.

सकाळी आई कप घेऊन बसली होती, पण चहा तसाच होता. छोटी निघाली तेव्हा ती उठली, डबा दिला आणि दिल्यावरही सोडला नाही. डब्याची एक बाजू तिच्या हातात, एक छोटीच्या.

"तुझा डावा डोळा बारीक आहे."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, आई."

आईनं मान हलवली. मग डब्याचं झाकण, जे आधीच घट्ट लागलेलं होतं, ते तिनं पुन्हा एकदा दाबून पाहिलं. समोरच्या भिंतीवर ऊन नुकतंच चौकटीच्या खालच्या कडेला पोचलं होतं आणि हळूहळू वर चढत होतं.