पेटीवरून लेक

शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सकाळी अमेरिकेतल्या एका बेटावरच्या दफनभूमीत डेलोरानं बापाच्या थडग्याच्या दगडाशी छोटा झेंडा रोवला. शेजारी आईचं थडगं; त्याची माती अजून बसली नव्हती. बापाची धाकटी बहीण, अल्थिया आत्या, ओकच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून बसली होती.

बाप, एझेल, सैन्यात जखमींची मलमपट्टी करायचा. व्हिएतनाममध्ये त्यानं गोळीबारातून दोघांना ओढून आणलं. तिसऱ्याकडे गेला तो परतलाच नाही. वय एकवीस. लेकीला त्यानं पाहिलंही नव्हतं. त्याची शवपेटी घरी आली तेव्हा ती तान्ही होती. तान्ह्या मुलाला बापाच्या पेटीवरून या हातातून त्या हातात द्यायचं, म्हणजे मेलेला माणूस मुलाच्या ओढीनं परत येत नाही, ही बेटावरची रीत.

रीत कळल्यापासून डेलोराचा आईवर राग होता. बाप कधी डेलोराच्या स्वप्नातसुद्धा आला नाही. "तूच त्याची वाट बंद केलीस," असं ती आईला शेवटच्या आजारपणातही म्हणाली होती. आई नुसती भिंतीकडे वळली.

"आत्या, हे उलटं करता येतं का गं? त्या बाजूनं परत या बाजूला?"

"तुला?" आत्या हसली. "बाई, साठीला आलीस. तुला उचलायला अख्खं चर्च लागेल."

"थट्टा नको. तूच दिलंस ना मला आईच्या हातात?"

आत्याचं हसू मावळलं.

"मी दिलं गं, तिनं घेतलंच नाही. मी तुला पेटीवर धरून उभी, तू केकाटतेयस, पाळक खाकरतोय. तुझ्या आईनं, वर्नेटानं, हात पाठीमागे घेतले. म्हणाली, 'येऊ दे त्याला. लेकीला बघायला तरी येऊ दे.' मग मी तुला माघारी घेतलं."

"म्हणजे वाट उघडीच होती?"

"सताड."

"मग आई कधी बोलली का नाही?"

"काय सांगणार? वाट उघडी असून तो आला नाही, हे? मी विचारलं होतं तिला. म्हणाली, पोरीला माझ्यावर रागावू दे, त्याच्यावर नको."

डेलोरा आईच्या थडग्याशी आली. ओल्या मातीत तिनं गुडघे टेकले.

"आई," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल," आत्या मागून म्हणाली. "वर्नेटाला कमी ऐकू यायचं."