आमच्या ह्यांचं तत्त्वज्ञान

आमच्या ह्यांना शिक्षणाविषयी तत्त्वज्ञान आहे. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो; मला चौथी अ आहे. चौथी ब ह्यांच्या नावावर होती, पण तत्त्वज्ञानातून सवड होत नसल्यामुळे ती सहा वर्षं माझ्याच खोलीत, एकेका बाकावर तिघंतिघं अशी बसली.

तत्त्वज्ञान थोडक्यात असं: शिक्षकाने मुलाच्या वाटेतून बाजूला व्हावं. कुठल्याशा शिबिरात हे वाक्य ह्यांच्या तोंडून निघालं, समोरच्यांनी वह्या काढून ते उतरवून घेतलं, आणि तेव्हापासून ह्यांना बोलावणी सुरू झाली. आज या शाळेत, उद्या त्या सभागृहात. हे इतके बाजूला झाले की चौथी बच्या मुलांना दिसेनासेच झाले. हजेरी मी घ्यायची, वह्या मी तपासायच्या, शेरा मी लिहायचा, सही तेवढी ह्यांची.

सासूबाई मोबाइलवर लेकाची भाषणं लावून भाजी निवडत बसायच्या. म्हणायच्या, "एवढी माणसं ऐकतात त्याला. तुझं कोण ऐकतं?"

एकाहत्तर मुलं ऐकतात, असं सांगावंसं वाटायचं. पण तेही खरं नव्हतं. मागच्या दोन रांगांपर्यंत माझा आवाजच पोचत नव्हता. तरी मी रेटत राहिले. नवऱ्याच्या मोठेपणासाठी वगैरे नाही, भांडायला अंगात त्राण उरायचं नाही म्हणून. स्वतःची कीव करायलाही मला तेव्हा फुरसत नव्हती.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकांच्या डोक्यात आलं की ह्यांचा एक नमुना पाठ ठेवावा. बाहेरच्या शाळांतले चाळीस शिक्षक येणार, मधल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणार, आणि पुढे चौथी बची मुलं. विषय भागाकार. आदल्या दिवशी सदऱ्याला इस्त्री करता करता ह्यांनी मला विचारलं, "अगं, भागाकार कुठपर्यंत आलाय?"

"कुणाचा? माझ्या वर्गाचा की तुमच्या?"

"तू प्रत्येक गोष्ट वाकडीच घे," हे म्हणाले आणि कॉलरकडे वळले.

पाठाच्या दिवशी मी हॉलच्या शेवटच्या रांगेत बसले होते. हे आले आणि मुलांच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसले. खुर्च्यांतून कौतुकाची कुजबुज झाली. मग ह्यांनी फळ्यावर सहाशे बारा भागिले तीन लिहिलं आणि म्हणाले, "मी काही शिकवणार नाही. तुम्हीच शोधा."

मुलांनी शोधलं. निम्म्याहून अधिक जणांनी चोवीस शोधलं. हे प्रत्येक चोवीसपाशी जाऊन "वा, छान विचार केलास" म्हणत होते. सहाशे बाराचे तीन वाटे केले तर वाट्याला चोवीस कसे येतील, हे चाळीस शिक्षकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ते फोटो काढत होते.

एक मुलगी उभी राहिली. शाळेत तिला सगळे वकिलीण म्हणतात, कारण ती उलटतपासणी घेतल्याशिवाय काही मान्य करत नाही. ती म्हणाली, "सर, माझं दोनशे चार आलंय. पण मधे शून्य का द्यायचं ते मला कळत नाही. शून्य म्हणजे काही नाही ना? मग लिहायचं कशाला?"

ह्यांनी फळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. तेवढ्या क्षणात मला कळलं की ह्यांना सांगता येत नाहीये. मग चेहऱ्यावर ते भाषणातलं हसू आलं. "मला उत्तर नकोच आहे, मला हा प्रश्न हवाय. हिच्यासाठी टाळ्या. बाळ, तुझं नाव काय?"

"सर, मी तुमच्याच वर्गात आहे," ती म्हणाली.

हॉलमध्ये हशा पिकला. हेही हसले. "बघा, किती निर्भय आहेत ही मुलं," असं खुर्च्यांकडे वळून म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. निर्भय या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

पाठ संपल्यावर पाहुणे चहाला गेले. मी जिना उतरत होते तर वकिलीण मागून आली. "बाई, शून्याचं राहिलंच."

माझ्या हातात खडूचा तुकडा होता. तिथेच पायरीवर बसून मी तीन घरं आखली. शतक, दशक, एकक. "सहा शतकं तिघांत वाट."

"दोन दोन."

"आता एक दशक आहे. तिघांना एकेक अख्खं मिळेल?"

"नाही. ते मोडावं लागेल. दहा सुटे आणि हे दोन, बारा. चार चार."

"बरोबर. मग दशकाच्या घरात प्रत्येकाला काय मिळालं?"

तिने मधल्या घरावर बोट ठेवलं. "काहीच नाही. आणि ते घर रिकामं सोडलं तर दोन शतकं घसरून दशकाच्या घरात येतील." तिने मान वर केली. "म्हणजे दोनशेचे वीस होतील. मी भांडेन."

"भांडच."

"मग सरांनी हे का नाही सांगितलं?"

"सरांना विचार."

"विचारलं होतं की," ती म्हणाली आणि फ्रॉकला हात पुसत गेली.

तीन मिनिटांचं काम होतं ते. ह्यांच्यावरचा राग मला जुनाच होता. पण त्या पायरीवर पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली. ह्यांचं तत्त्वज्ञान सहा वर्षं उभं होतं ते माझ्या पाठीवर. मी नसते तर ते पहिल्या आठवड्यातच कोसळलं असतं.

मी तशीच मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, सोमवारपासून माझ्या खोलीत फक्त चौथी अ बसेल.

"अहो बाई, घरातली कुरबुर शाळेत कशाला आणता?"

"घरातली नाही, चौथी बची आहे. हवं तर लेखी देते."

लेखी म्हटल्यावर त्यांनी वेळापत्रक काढून खोल्या बदलल्या. घरी हे म्हणाले, "माझं काम तुला कधी कळलंच नाही." सासूबाईंनी तर माझ्या हातचा चहा दोन दिवस घेतला नाही. मी त्यांच्यापुरता करणं बंद केलं.

सोमवारी हे चौथी बवर गेले. पहिले दोन दिवस मुलांच्या वाटेतून बाजूला झाले. तिसऱ्या दिवशी मुलांनी गोंगाटाने भिंत हलवली. पाचव्या दिवशी ह्यांचा घसा बसला. आठव्या दिवशी मी व्हरांड्यातून जाताना हे टेबलावर डस्टर आपटून ओरडत होते, "हाताची घडी, तोंडावर बोट." अकराव्या दिवशी ह्यांनी शिक्षक प्रशिक्षण केंद्रात अर्ज केला. तिथे ह्यांना लगेच घेतलं. आता हे शिक्षकांना शिकवतात. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं की लेकाला बढती मिळाली. मी कुणाचंही बोलणं खोडलं नाही.

चौथी बवर नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी आली. तिच्याकडेही कॉलेजात लिहिलेलं एक पानभर तत्त्वज्ञान होतं, आणि ते वर्गात कुठे लावू, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, सध्या कपाटात ठेव. तिने ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती घंटेच्या अर्धा तास आधी यायला लागली, घरी सोडवून पाहिलेली गणितं घेऊन. निम्मी चुकलेली असतात. ती खोडते आणि माझ्यासमोर बसून पुन्हा करते. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं मला अजून तरी काही सापडलेलं नाही.