फाटकाजवळचा नकाशा आणि पाटीवाल्या बाई

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. विद्यापीठाच्या मोठ्या फाटकातून आत आलात, की डाव्या हाताला दोन लोखंडी पायांवर उभा दिसतो, तो मी. ग्रंथालय, वसतिगृहं, दवाखाना, खेळाचं मैदान, सगळं माझ्या अंगावर रंगवलेलं आहे. खालच्या कडेला एक लाल ठिपका आहे आणि शेजारी लिहिलंय, 'तुम्ही इथे आहात'. येणारा प्रत्येक जण आधी त्यावर बोट टेकवतो, म्हणून बाकीचा मी धडधाकट असलो तरी ठिपका सारखा पुसट होतो.

माझा जन्म विद्यापीठाच्याच कार्यशाळेत झाला. मला काढलं ते बांधकाम विभागातल्या एका बाईंनी. त्यांचं मूळ काम इमारतींचे आराखडे सांभाळण्याचं. पण इथल्या साऱ्या पाट्या आणि बाण त्यांच्याकडे सोपवले गेले, आणि त्या सगळ्यांच्या पाटीवाल्या बाई झाल्या.

माझं पहिलं चित्र त्यांनी कागदावर काढलं होतं, रीतीप्रमाणे उत्तर दिशा वर ठेवून. ते फाटकाशी धरून त्यांनी सासूबाईंना दाखवलं. सासूबाई विद्यापीठात पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी समोर पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ग्रंथालय इथे नाकासमोर दिसतंय. तुझ्या कागदावर ते पायाशी कसं?"

बाईंनी वाद घातला नाही. घरी जाऊन सबंध नकाशा फिरवून पुन्हा काढला. माणसाला जे समोर दिसतं, ते माझ्यातही वरच दिसतं, ते तेव्हापासून. आपली मेहनत अशी हसत हसत मोडून पुन्हा करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

पण बाईंचा खरा कस लागला तो प्रवेश परीक्षेच्या दिवशी. सकाळी मोठं सभागृह उघडलं, तर पाण्याचा नळ फुटून आत घोटाभर पाणी. परीक्षा ऐन वेळी मैदानापलीकडच्या विज्ञान इमारतीत हलवावी लागली. इकडे प्रवेशपत्रावर सभागृह छापलेलं, सगळे बाण सभागृहाकडे वळलेले, आणि परीक्षेची मुलं तर आईवडिलांसोबत फाटकातून येऊ लागलेली. घंटा झाल्यावर कुणालाही आत घेणार नव्हते. वर्ष फुकट जाणार होतं.

परीक्षा अधिकाऱ्यांना वाटलं, जागा बदलल्याचा कागद माझ्यावर चिकटवला की झालं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आधी जुने बाण उतरवू या, साहेब. नवा लावून जुना तसाच ठेवला, तर घाईतला माणूस जुन्याच्याच मागे जातो."

माळीकाका आणि पहारेकरी जुने बाण उतरवायला लागले. पेंटरकाका पुठ्ठ्यांवर नवे बाण रंगवत बसले. बाई पुढे पुढे चालत खडूने जागा आखत होत्या. नियम एकच, एका बाणापाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे. मग त्या माझ्याकडे आल्या, सभागृहावर कोरा कागद डकवला आणि ठिपक्यापासून विज्ञान इमारतीपर्यंत जाड लाल रेघ ओढली. एरवी अंगावर ओरखडा उठला तरी मला वाईट वाटतं. त्या दिवशी मात्र छाती फुगली.

एक वडील फार चिडले होते. काल मुद्दाम येऊन सभागृह पाहून गेलो, आज हे काय, असं ते तावातावाने विचारत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. ही रेघ धरून निघा. प्रत्येक वळणावर बाण आहे. नसला, तर परत येऊन मला बोला." कुणीही परत आलं नाही.

घंटेला थोडा वेळ असतानाच गर्दी ओसरली. सगळे जरा टेकले. एवढ्यात सभागृहातलं पाणी उपसायला आलेली गाडी कुठून आत आली, असं बाईंनी सहज विचारलं. मागच्या फाटकातून, असं पहारेकऱ्याने सांगितलं. बाई ताडकन उठल्या. सुट्टीच्या दिवशी ते फाटक बंद असतं, म्हणून तिकडे एकही बाण लावला नव्हता. आज मात्र ते गाडीसाठी उघडलं होतं, आणि तिथूनही कुणी परीक्षेला आलं असेल.

रोपं वाहायची बॅटरीची गाडी घेऊन माळीकाका आणि बाई तिकडे गेले. पुढचं मला माळीकाकांकडून कळलं. कार्यशाळेजवळ रस्त्याच्या कडेला कुबड्या घेतलेली एक मुलगी आणि तिची मावशी बसली होती. चालून चालून मुलीचे तळहात सोलले होते. आता घरी जाऊ या, असं ती मावशीला म्हणत होती.

थोड्या वेळाने गाडी माझ्यासमोरून धडधडत गेली. पुढे काका, शेजारी मांडीवर कुबड्या आडव्या धरलेली मुलगी, मागे खताच्या पोत्यांवर मावशी आणि बाई. विज्ञान इमारतीच्या दारात परीक्षा अधिकारी स्वतः बाहेर येऊन उभे होते. घंटा वाजत असतानाच ती मुलगी आत गेली.

पेपर सुटेपर्यंत मावशी माझ्याशेजारच्या बाकावर बसून राहिली. बाईंनी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "ताई, मी कितीतरी जणांना विचारलं. सगळ्यांनी कुठे ना कुठे बोट दाखवलं. माहीत नाही, असं एकही जण म्हणाला नाही."

बाईंनी ते मनाला लावून घेतलं. मागच्या फाटकाशी माझा धाकटा भाऊ उभा राहिला. पहारेकऱ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना त्यांनी भेटून विनवलं, की ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि पाहुण्याला नकाशापाशी आणून सोडा. कुलगुरूंनी त्यांचा सत्कार ठेवला, तर बाई उशिरा पोहोचल्या. वाटेत एका आजोबांनी दवाखाना विचारला होता.

आता मी म्हातारा झालोय. पुष्कळ जण मोबाइलमध्ये बघत सरळ निघून जातात. कुणी माझ्यावर जाहिराती चिकटवतं, कुणी खिळ्याने नाव कोरतं, कुणी सायकल टेकवतं. बाई मात्र अजूनही ओलं फडकं घेऊन येतात. तोंड धुतल्यासारखं वाटतं मला.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ जण जागोजागी उभे आहेत. आमच्यावरचं एक अक्षर झाकलं गेलं, तरी कुणाची तरी वाट हरवते. म्हणून आम्हाला खरवडू नका, आणि एखादा बाण वाकलेला दिसला तर कुणाला तरी सांगा. आणि कुणी पत्ता विचारला व तो ठाऊक नसेल, तर खुशाल 'माहीत नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. फक्त तेवढ्यावर थांबू नका. त्यांच्याबरोबर माझ्यापर्यंत या.