हरिपूरच्या पेवांचं गणित

सांगली संस्थान विलीन झालं आणि वर्षाच्या आत गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या हातात प्राप्तिकराचे कागद पडले. ते कसे भरायचे हे कोणालाच कळेना. तेव्हा हेडमास्तरांनी ठरवलं, मॅट्रिकच्या वर्गाला हा कर शिकवायचा. काम मधुकर सोहोनींकडे आलं. शाळेत एवढं चोख गणित दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

मधुकरनं पहिलं उदाहरण स्वतःच्या पगाराचं घातलं. महिना सत्तर रुपये, म्हणजे वर्षाचे आठशेचाळीस. पहिल्या दीड हजारांवर काहीच नाही.

"मग सर, तुमचा कर शून्य!" वर्ग हसला. मधुकरही हसला. दुसऱ्या बाकावर लीला जगदाळे मान खाली घालून आकडे उतरवत होती. ती कोणाची मुलगी हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लीलाचे वडील नानासो जगदाळे मूळचे उंब्रजचे. लढाईच्या दिवसांत त्यांचं साताऱ्याला कापडाचं दुकान होतं आणि मधुकर तिथं कारकून होता. सरकारी कंट्रोलचं कापड मागल्या दारानं चढ्या भावात जायचं, आणि नानासो सांगतील तशा दोन चोपड्या मधुकर लिहायचा. एक घरची, एक सरकारची. वाईला म्हातारी आई आणि लग्नाची बहीण होती, नोकरी सोडवत नव्हती.

त्रेचाळीस साली कराचा अधिकारी अचानक दुकानात आला. त्याच वेळी मधुकरची बहीण शरयू हिच्या ठरलेल्या सासरची माणसं लग्नाच्या साड्या बघत गादीवर बसली होती. अधिकाऱ्यानं एका नोंदीवर बोट ठेवलं. नानासो उठले आणि सगळ्यांदेखत मधुकरच्या कानशिलात भडकावली. "ह्येनंच खाल्लं सायेब. अक्षर बघा की, ह्येचंच हाय!"

अक्षर मधुकरचंच होतं. घरची चोपडी संध्याकाळच्या आत बंबात गेली. नानासो चारशे रुपये कर भरून मोकळे झाले. सोयरीक मोडली. पुढे शरयूला आटपाडीच्या एका बिजवराला द्यावी लागली, त्याची थोरली मुलगी शरयूहून चारच वर्षांनी लहान.

मधुकर सांगलीला आला, बी. ए. झाला, मास्तर झाला. चोपडी जळाली होती, पण त्यातला आकडा न् आकडा त्याला पाठ होता. नानासो पुढे हळदीच्या धंद्यासाठी सांगलीत आले, शाळेच्या कमिटीवर बसले. बक्षीस समारंभात त्यांनी मधुकरला ओळखलंसुद्धा नाही.

आता त्यानं फळ्यावर लिहिलं : 'एका व्यापाऱ्याचे साताऱ्यास कापडाचे दुकान होते. त्रेचाळीस साली नफा अडतीस हजार. कागदोपत्री दाखविला सहा हजार. पुढे त्याने हरिपुरास हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे घेतली. खरा कर काढा.' शेजारी त्या सालचे दर मांडले, रुपयामागे किती पै, किती आणे.

गावांच्या नावांकडे न बघता नुसते आकडे सोडवून सगळ्यांत आधी लीला उभी राहिली. "साडेनऊ हजारांच्या वर जातो, सर. यानं भरला किती?"

"चारशे."

"म्हणजे चोरच की हा!"

मधुकरला वाटलं, सहा वर्षांनी आपल्या छातीत पहिल्यांदा पुरता श्वास गेला. "गणित घरी न्या," तो म्हणाला. "वडीलधाऱ्यांकडून तपासून आणा. आणि एक लिहून घ्या. चुकवलेला कर आठ वर्षांपर्यंत मागे जाऊन वसूल करता येतो."

वर्गात निम्मी पोरं पेठेतली. दोन दिवसांत ते गणित प्रत्येक अडतीवर पोचलं. साताऱ्याचं कापड आणि हरिपूरची पेवं म्हटल्यावर नाव कोणाला विचारायची गरज उरली नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नानासो शाळेत आले. वर्गात मधुकर एकटाच होता.

"मास्तर, तुमी... सोहोनी न्हवं? साताऱ्याचं?"

"ओळखलंत म्हणायचं."

"काय पायजे ते बोला. हेडमास्तर करतो. पन ह्ये मिटवा."

"फळा पुसलाय मी. पोरांच्या वह्या कशा पुसू?"

नानासोंचा आवाज उतरला. "आवं, सायबाला चिठ्ठी लिवायची हुती. पोरीच्या तोंडनं का वदवलं? दोन दिस झालं, ती माझ्यासंगं पानावर बसंना."

"माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर तुम्हीही बोलला होतात. तेव्हा मीही गादीपाशी उभा राहून ऐकलंच की."

नानासो आले तसे निघून गेले.

साताऱ्याच्या कराच्या कचेरीत चिठ्ठी कोणी टाकली कोण जाणे. हळदीत त्यांच्याशी खुन्नस असलेले चार जण तरी होते. दिवाळीआधी नोटीस आली. दंडासकट रक्कम भरायला नानासोंना तीन पेवांची हळद पडत्या भावानं विकावी लागली. कमिटी सुटली.

लीला आठवडाभर आली नाही. आली ती सरळ मधुकरच्या टेबलापाशी. "तुम्हाला ठाऊक होतं, सर. तरी मलाच बोलू दिलंत?"

"हो," मधुकर म्हणाला.

ती अजून काही ऐकायला थांबली होती. त्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. ती जागेवर जाऊन बसली आणि त्यानंतर वर्गात तिनं कधी हात वर केला नाही.

सुट्टी लागताच मधुकर आटपाडीला गेला. शरयू चुलीपुढे होती. त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली आणि इतकी हसली की आतून सासूनं हाक मारली.

"मुलीचं मात्र वाईट झालं," मधुकर म्हणाला.

"होऊ दे," शरयू म्हणाली. "माझं झालं तेव्हा कोण हळहळलं होतं?"

तिनं त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली, वर लोण्याचा गोळा. मधुकर जेवला, आणि खरं सांगायचं तर पोटभर जेवला.