बोल लागला राजुलला

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. मला रंग नाही, वजन नाही, बसायला जागा नाही. कोणी मला उच्चारले तर मी असते. उच्चार थांबला की मी नसते. जुना कंदील किंवा जुने जाते निदान अडगळीत तरी पडून राहते. टाकून दिलेल्या नावाला अडगळही मिळत नाही. म्हणून आज मी थोडे चिडून बोलणार आहे. माझे म्हणणे पटले नाही तर खुशाल वाद घाला; मात्र आधी ते पूर्ण ऐका.

मी ‘राजुल’. माझा उगम एका मोडलेल्या लग्नात आहे. जैन परंपरेत ती कथा अशी सांगतात: राजा उग्रसेनाची कन्या राजीमती वधूवेषात वाट पाहत होती. वर नेमिकुमार वरात घेऊन नगराजवळ आले. तेथे मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. त्यांचे मन विटले. त्यांनी रथ वळवला आणि सर्व सोडून ते गिरनारकडे निघून गेले. तेच पुढे नेमिनाथ तीर्थंकर झाले. इकडे राजीमतीला सखींनी समजावले की दुसरा वर पाहता येईल. तिने नकार दिला, अलंकार उतरवले, आणि तीही गिरनारची वाट चालून गेली. तेथे तिने दीक्षा घेतली.

राजीमती हे माझे पहिले रूप. बायकांच्या गाण्यांत ते लांब पडू लागले, तेव्हा गाता गाता कोठे त्याची राजमती झाली, कोठे राजुल. मला पसरवायला कोणा राजाचे फर्मान निघाले नाही. व्यापारासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांनी मला ओठांवर वाहून नेले. कापसाची आणि धान्याची पेठ जेथे वसली, तेथे एखादे मंदिर उभे राहिले; मंदिरात बायका गायला बसल्या; आणि त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या मुलीच्या कानात मला सांगितले. अशी मी वऱ्हाडात आले. एके काळी कारंजा गावच्या मंदिरात आरतीनंतर ‘राजुल’ अशी हाक मारली, तर दोन-तीन जणी एकदम वळून पाहत. तो माझा वैभवाचा काळ होता.

मी एकाच समाजात राहिले असेही नाही. शिरपूरला देवेंद्रकुमार या जैन व्यापाऱ्यांचे धान्याचे दुकान आहे. तेथे हंगामात डाळ निवडायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपाबाई येत असे. तिला मी आवडले आणि तिने आपल्या मुलीचे नाव राजुल ठेवले. एका गिऱ्हाइकाने तिला हटकले, “आमचं नाव तुमच्यात कसं काय व?”

रुपाबाईने सूप खालीसुद्धा ठेवले नाही. ती म्हणाली, “नाव का पान्याची घागर हाये? मी नेलं तं तुमची रिकामी झाली?”

त्या उत्तराने मला जेवढा आनंद झाला, तेवढा कोणत्याही स्तवनाने झाला नसेल.

पुढे देवेंद्रकुमारांना मुलगी झाली. बारशाला तिच्या आत्याने, ललिताबाईंनी, तिच्या कानाशी तोंड नेऊन मला पुटपुटले, आणि मी त्या मुलीची झाले. नावाला यापेक्षा चांगले घर मिळणे कठीण. ही राजुल पाठशाळेत लहान मुलांना गोष्टी सांगे. ‘तुझ्या नावाची सांग’ म्हणून मुले हट्ट धरत, तेव्हा ती गिरनारच्या चढापर्यंत पोहोचल्याशिवाय थांबत नसे. तिचे लग्न ठरेपर्यंत मला कसलीही काळजी नव्हती.

स्थळ कारंज्याचे होते. मुलाचे नाव जिनेश. त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान आहे आणि त्या दुकानाच्या पाटीवर वडिलांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे: नेमीचंद. नेमिनाथांवरून ठेवलेले. ही गोष्ट ध्यानात घ्या, कारण माझ्या रागाचे मूळ तेथे आहे.

बैठकीत सगळे जुळत आले होते. जिनेशची आई जतनबाई म्हणाल्या, “पोरगी आमाले पसंत हाये. नाव तेवढं बदलाव लागंल.”

देवेंद्रकुमारांनी बशी खाली ठेवली. “काहून? नावात काही खोट हाये का?”

“खोट नाही म्हनत मी, भाऊ. नाव पुण्याचंच हाये. पन राजुलची वरात दारातून वापस गेली होती ना. असं नाव घेऊन नवी नवरी घरात कशी आनाची?”

राजुल पोहे घेऊन आली होती. ती ताटल्या देता देता जतनबाईंना म्हणाली, “आई, वरात राजुलनं वापस नव्हती पाठवली. नेमिकुमारांनी वळवली.”

“तेच तं सांगून राह्यली मी.”

“मंग बाबूजींचं नाव कधी बदलाचं?”

नेमीचंदांना पोह्यांचा ठसका लागला. जिनेशची बहीण टीना पदराआड हसू लागली. पाणी पिऊन झाल्यावर नेमीचंद मुलाला म्हणाले, “पोरगी वकीलीन हाये रे जिनेश. सांभाळून राह्यजो.” मग सगळेच हसले.

जतनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “गडीमानसाचं नाव कोनी बदलते का?”

मित्रांनो, या एका वाक्याशी माझे भांडण आहे. ज्यांनी रथ वळवला, त्यांचे नाव मुलांना देताना कोणाला अपशकुन आठवला नाही. आणि आठवू नये हेच योग्य, कारण त्यांनी रथ वळवला तो करुणेपोटी. मग जिने काहीच वळवले नाही, कोणाला कोंडले नाही, कोणाला सोडले नाही, तिच्या नावालाच बोल का? बारशाच्या दिवशी मी पुण्याची असते आणि लग्नाच्या दिवशी अशुभ ठरते. मधल्या वर्षांत मी कोणते पाप केले, ते मला कोणी सांगावे. शकुन मानायचाच असेल तर दोघांच्या बाबतीत माना. मानायचा नसेल तर दोघांच्याही बाबतीत सोडा. ही साधी गोष्ट त्या बैठकीत कोणालाही खोडता आली नाही. पण ज्या प्रश्नाला उत्तर नसते, त्यावर माणसे हसून घेतात आणि आधी ठरलेले तेच करतात.

नवे नाव निघाले रिद्धी. टीनाने राजुलला समजावले, “वैनी, मॉडर्नबी हाये अन् देवाचंबी हाये.” रिद्धीशी माझे वैर नाही. ते नाव जुने आहे, प्रतिष्ठित आहे, आणि मला ढकलण्यासाठी त्याला बोलावताना त्यालाही कोणी विचारले नव्हते.

लग्नाआधी राजुल जिनेशशी फोनवर बोलली. तिने स्पष्टच विचारले, “तुमी तांदळात काय लिहसान?”

“मले दोन्ही नावं चालतात.”

“मले नाही चालत.”

“पहिल्याच दिवशी आईचं मन मोडाचं का?”

राजुल म्हणाली, “नका मोडू. पन लिहाच्या आधी एक डाव माह्याकडं पाहा.”

लग्न लागले. कारंज्याच्या घरी ताटात तांदूळ पसरले. आमच्याकडे नवरीचे नवे नाव वराने त्या तांदळात अंगठीने लिहायचे असते, मग ते सर्वांना वाचून दाखवतात आणि पेढे वाटतात. जिनेशने अंगठी धरली. बायका पुढे सरकल्या. मी राजुलच्या ओठांशी येऊन थांबले होते. ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने ताटाकडे पाहिले, आईकडे पाहिले, पुन्हा ताटाकडे पाहिले आणि लिहिले. रिद्धी. टाळ्या पडल्या.

राजुलने ते वाचले आणि हळूच म्हणाली, “अक्षर चांगलं हाये तुमचं.”

जिनेशचे कान लाल झाले. नंतर तो पेढ्यांचे ताट घेऊन उगाच घरभर फिरत राहिला.

मी संपले असे मला वाटले. पण नाव पुसायला तांदूळ पुरत नाहीत. जन्मापासून ज्या हाकेने मान वळते, ती सवय एका दुपारी कशी मोडणार? ‘रिद्धी, कुकर बंद कर’ असे बाहेरून कोणी म्हणे आणि राजुल पोळ्या लाटत राही. मुद्दाम नव्हे, ते आपल्यासाठी आहे हे तिच्या ध्यानातच येत नसे. डाळ लागली. जतनबाई म्हणाल्या, “बहिरी हाये का व तू?” राजुलने क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एकदा सासू-सुना शिरपूरच्या दर्शनाला निघाल्या. कारंज्याच्या एसटी स्टँडवर गर्दी होती. जतनबाईंनी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली आणि राजुल पाण्याची बाटली आणायला उतरली. तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली.

जतनबाई खिडकीतून ओरडल्या, “रिद्धी, ए रिद्धी.”

फलाटावरची शाळेची एक मुलगी वळली. “कोन, मी का?”

“तू नाही व बाई.” गाडी हलली. जतनबाईंचा आवाज चढला. “रिद्धी, गाडी निंघाली.” राजुल पाठमोरी उभी राहून सुटे पैसे घेत होती. मग जतनबाईंनी गजाबाहेर हात काढला आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज लावला, “राजुल!”

ती वळली. धावत आली. कंडक्टरने कुरकुरत दार उघडले.

ती शेजारी येऊन बसल्यावर जतनबाई म्हणाल्या, “तुले कवाचं बलावून राह्यली मी. आइकू येत नाही का?”

“आई, मले वाटलं दुसऱ्या कोनाले बलावून राह्यल्या.”

जतनबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. जिनेश होता. “हो, भेटली गाडी,” त्या म्हणाल्या. “जागाबी भेटली. नाही रे, एकटी कायले जाईन? राजुल हाये ना सोबत.”

राजुल खिडकीबाहेर पाहू लागली. आपण काय बोलून गेलो हे जतनबाईंना कळलेच नाही; त्या पुढे दुकानाच्या चाव्यांबद्दल सांगत राहिल्या.

याला तुम्ही माझा विजय म्हणाल. मी म्हणणार नाही. आजही त्या घरात पाहुण्यांसमोर ती रिद्धी असते आणि दूध उतू जाऊ लागले की राजुल असते. घाईत तोंडून खरे नाव निघते, हे मला समजले. पण दुसऱ्याच्या घाईवर मी का जगावे? निवांत वेळी, चार लोकांत, पूर्ण शुद्धीवर असताना मला हाक मारण्यात कोणाची कोणती हानी होते?

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी लग्न होईल आणि ताटात तांदूळ पसरतील. तेव्हा आपण लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. नवरीजवळ जा आणि विचारा, तुला कोणत्या नावाने हाक मारू? तिने आनंदाने नवे नाव सांगितले तर तेच घ्या. मी मुकाट्याने बाजूला होईन, त्यात माझा अपमान नाही. मात्र तिचे उत्तर येईपर्यंत कोणालाही त्या तांदळाला अंगठी लावू देऊ नका.