टाकीतली वीतभर नळी

गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत आत काय असतं, असं कधी तुमच्या मनात आलंय का? बहुतेक नसेल. झाकण उघडायचं, पेट्रोल भरून घ्यायचं आणि निघायचं, एवढंच तुमचं काम. पण त्या अंधारात, पेट्रोलात बुडालेली मी असते. मी वीतभर लांबीची काळी रबरी नळी बोलतेय. टाकीतला पंप पेट्रोल ढकलतो, ते माझ्यातून वर जातं आणि पुढे इंजिनाला मिळतं.

पूर्वी मी एका मोठ्या वेटोळ्याचा भाग होते. लखनौतल्या निशातगंजच्या एका दुकानात आम्हाला खिळ्याला टांगलेलं असे. स्कूटरवाले येत आणि हातभर नळी कापून नेत. एकदा बबनराव आले. त्यांनी मला दाबलं, वाकवलं, नाकाशी धरून वास घेतला. दुकानदाराला हसू आलं. "बाबूजी, शादी थोड़े ही करनी है इससे!"

"भैया, लड़के की गाड़ी में लगानी है," बबनराव म्हणाले. "शादी से ज़्यादा देखना पड़ता है."

बबनराव मूळचे अकोल्याचे. तरुणपणी लखनौच्या स्कूटर कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. मुलगा आशुतोष सरकारी कंपनीत इंजिनिअर. लखनौच्या महानगर भागातल्या घरामागे या बापलेकांनी एक जुनी जपानी गाडी दुरुस्त करून उभी केली होती. तिच्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन नाहीत. तिकोनी रोटर गरगर फिरतात आणि त्यांच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात. टर्बो इंजिनात जोराने हवा कोंबतो, तेव्हा त्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळालंच पाहिजे. ते कमी पडलं की आत आग भडकते, पट्ट्या तुटतात आणि इंजिन संपतं. असं दुसरं इंजिन लखनौत शोधूनही मिळायचं नाही.

मला बबनरावांनी स्वतःच्या हाताने बसवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तो उजवा हात मांडीवर पडून राहू लागला. मी त्या हाताचं शेवटचं काम. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ते माहीत होतं.

मी मात्र तिथे बसायलाच नको होते. आतून पेट्रोल वाहून न्यायला मी बनलेय, बाहेरूनही त्यात बुडून राहायला नाही. स्कूटरची नळी टाकीखाली उघड्यावर असते. बबनरावांचा जन्म स्कूटरींत गेला, त्यांना हे सुचलंच नाही. पुढे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि माझं अंग फुगू लागलं.

या दसऱ्याला बबनरावांना याच गाडीतून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं, असं आशुतोषने ठरवलं होतं. गाडीत फार बदल नव्हते. मोकळा सायलेन्सर, हवा थंड करणारा मोठा रेडिएटर, टर्बोचा दाब थोडा वाढवलेला. पण वाढलेल्या दाबाला जुनी पेट्रोलची व्यवस्था पुरेना. मग व्हरांड्यात आशुतोष आणि त्याचा मित्र जयसिंग वाद घालत बसू लागले. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं, हे जयसिंग लॅपटॉपवरून ठरवायचा.

"दोन पंप लावू आणि सगळे इंजेक्टर मोठे घेऊ," आशुतोष म्हणायचा. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या बारीक तोट्या.

"अरे यार, रॉकेट सोडायचंय का नागपूरला?" जयसिंग हसायचा. "एक चांगला पंप घे. दोन इंजेक्टर मोठे घे. बस. उगाच मोठं घेतलंस तर ट्रॅफिकमध्ये धड चालायची नाही."

शेवटी जयसिंगचं ऐकलं. नवा पंप आला. त्याच्या खोक्यात टाकीत बुडून राहणारी नवी नळीही होती. आशुतोषने ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खोक्यात ठेवली. पंप बदलला, मला तसंच ठेवलं. नव्या पंपाचा जोर जास्त होता. पहिल्याच क्षणी माझ्या अंगात कळ उठली.

दुपारी दोघं गाडी घेऊन रिंग रोडला गेले. आशुतोषने पाय दाबला, टर्बो शीळ घालू लागला. मी ताणले, फुगले, आणि मला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पखाली माझं एक टोक उकललं. पेट्रोल इंजिनाकडे जायचं सोडून माझ्या कडेने परत टाकीतच सांडू लागलं.

"पाँव हटा!" लॅपटॉपवर पेट्रोलचा दाब घसरताना पाहून जयसिंग ओरडला. "हटा, हटा!"

आशुतोषने पाय काढला. गाडी कडेला थांबली. इंजिन चालू होतं. रोटरच्या पट्ट्या वाचल्या होत्या.

"पंपच खराब आलाय," आशुतोष म्हणाला.

"नवाय रे. वायरिंग बघू. उद्या सकाळी पुन्हा पूर्ण दाबावर काढू."

ते ऐकून मी घाबरले. उद्या मी टिकणार नव्हते. मी सुटले की इंजिन जाणार, बबनरावांचं नागपूर राहून जाणार आणि भर रस्त्यात काय होईल ते वेगळंच.

संध्याकाळी पंप पुन्हा बाहेर काढून व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवला. मीही त्याच्यासोबत. आशुतोषची बायको रुचिरा चहा घेऊन आली. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण तिची नजर माझ्यावर थांबली.

"अहो, ही नळी केवढी फुगलीय! बदलली नाहीत?"

"तिला काही झालेलं नाही."

"गॅसची नळी फुगली असती तर घरात ठेवली असतीत?"

"रुचिरा, प्लीज." आशुतोषने आवाज खाली आणला. "बाबांनी बसवलीय ती. मी काढली तर त्यांना काय वाटेल?"

"आणि नाही काढली तर? बाबा याच गाडीत बसणार आहेत ना?"

तेवढ्यात पायल, त्यांची मुलगी, दारात आली. "पापा, आजोबा सब सुन रहे हैं."

तिच्या मागे काठी टेकत बबनराव आले. ते खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने त्यांनी मला दाबलं. मी त्यांच्या बोटांत नुसती दबले.

"शेवयांसारखी शिजली हे," ते म्हणाले. "काहून रे, मले काहून नाही इचारलं?"

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मले काहून वाईट वाटन? हे रबर आहे, बाबू. मी नोहो." त्यांचा आवाज चढला, मग बसला. "पोरगं मेलं असतं रस्त्यात. अन् मी इथं दारात वाट पाहत बसलो असतो."

आशुतोषने मान खाली घातली. रुचिराने गार झालेला चहा उचलून नेला.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आपल्या माणसाने बसवलेली वस्तू झिजली, तर ती माया म्हणून तशीच ठेवू नका. त्याला दाखवा. त्याच्याच हाताने काढू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशुतोषने मला दोन्ही टोकांना घट्ट धरलं, बबनरावांनी डाव्या हाताने सुरी चालवून मला कापलं, आणि नवी नळी बसल्यावर ते स्वतः पुढच्या सीटवर बसून रिंग रोडला गेले.