नर मोजणारा सापळा

आबा गेले त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी माझ्याखालची पिशवी सोडली, आतले तीन पतंग पाहिले आणि मक्याची मधली कोवळी पानं, म्हणजे पोंगे, तपासायला वळले. मागे त्यांची लेक स्वरूपा उभी होती.

"आबा."

"काय गं?"

"काही नाही. ऊन तापायला लागलंय."

मित्रांनो, मी सांगवीच्या शेतातला कामगंध सापळा. ऊन-पावसात माझा पिवळा रंग उडून गेला आहे. माझ्या टोपीखालच्या गोळीला लष्करी अळीच्या मादी पतंगासारखा वास येतो. त्या वासाने नर येतात आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतात.

पहिल्या वर्षी आबांनी माझं फार कौतुक केलं. पिशवी रिकामी दिसली की म्हणायचे, "नरच न्हाय, तर पोरं कुठनं?" मक्याचे पोंगे उघडून बघणं त्यांनी सोडूनच दिलं. मग कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आलेल्या स्वरूपाने एक पोंगा उघडला. आत अळ्या होत्या.

बांधावरच्या माणसांसमोर ती हसली. "आबा, मादीचं मीलन आधीच झालेलं असू शकतं. नराचे शुक्राणू ती पोटातल्या पिशवीत साठवते आणि अंडी घालताना वापरते. दुसरा नर भेटला की दोघांच्या शुक्राणूंची आत चढाओढ लागते. पुष्कळदा नंतरच्याची सरशी होते, नेहमीच नाही. आणि तुम्ही बाहेरचे नर मोजत बसलात!"

"तात्या, पोरीनं नापास केलं तुमास्नी," शेजारचा युवराज आबांना म्हणाला. सगळे हसले. आबा खाली बघून पिशवीची गाठ बांधत राहिले.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत स्वरूपा शेतात यायची. काहीतरी बोलायला जायची आणि थांबायची.

आबांच्या तेराव्यानंतर ती एकटीच आली. युवराज पाणी धरत होता. तो म्हणाला, "तात्या समद्यांस्नी सांगायचं. नुसत्या सापळ्यावर जाऊ नका, मादीकडं शिल्लक असती. आमच्या स्वरूपानं शिकिवलंय."

मित्रांनो, माझी गोळी वेळेवर बदला, काम झालं की मला पुसून सावलीत ठेवा. पण केवळ माझ्या भरवशावर राहू नका. आणि आपल्या माणसाची चूक दाखवायची, तर त्याला बाजूला घेऊन दाखवा.

युवराज दूर गेल्यावर स्वरूपाने माझी पिशवी सोडली. ती हातात तशीच धरून मोठ्याने म्हणाली, "आबा, मी नुसतं सांगायला हवं होतं. हसायला नको होतं."